बाद केलेला नमुना

९ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीची कंबर आता कशी आहे? चिमणीला माझा पापा दे. इकडे माझं ठीक चाललंय. सेन्सरवरचा आमचा शोधनिबंध छापून आला, सरांनी सगळ्यांना चहा पाजला.

परवा फोनवर तू विचारलंस, आईला आधी दाखवलं असतं तर काही फरक पडला असता का. मी विषय बदलला. तोंडाने सांगणं जमणार नाही, म्हणून लिहितेय.

आमच्या सेन्सरची पट्टी नखाएवढी असते. तिच्यावर रक्ताचा थेंब टाकायचा. कॅन्सरमध्ये वाढणारं एक एन्झाइम त्यात जितकं जास्त, तितका विजेचा प्रवाह जास्त, आणि तसा आकडा पडद्यावर येतो. फेब्रुवारीत आम्हाला निरोगी माणसांचं रक्त हवं होतं. आईच म्हणाली, "माझं घे की. तेवढाच तुला हातभार." ठेवणीतले कपडे घालून प्रयोगशाळेत आली. सुई टोचताना आमच्या शिपाईमामांशी गप्पा मारत होती.

एकोणचाळीस जणांचे आकडे ओळीत बसले. तिचा चौपट आला. पुन्हा मोजला. नवी पट्टी लावून मोजला. तोच.

दादा, मी घाबरले नाही रे. वैतागले. त्या एका आकड्याने माझा आलेख बिघडत होता. वहीत लिहिलं, 'नमुना खराब, बाद.' घरी आईने विचारलं, "माझं रक्त कसं निघालं?" मी म्हटलं, "एकदम फर्स्ट क्लास."

ऑगस्टपासूनचं तुला माहीतच आहे. स्वादुपिंडातून यकृतात पसरलंय, फार तर दोन महिने. मी ती वही डॉक्टरांना नेऊन दाखवली. त्यांनी फेब्रुवारीचं ते पान वाचलं. "तेव्हा कळलं असतं तर ऑपरेशन करता आलं असतं," म्हणाले, "कदाचित." ते 'कदाचित' माझी पाठ सोडत नाही.

काल तिचे केस विंचरत होते. तिने विचारलं, "तुझं ते यंत्र खरं सांगतं का गं?"

"सांगतं."

"मग झालं," म्हणाली आणि डोळे मिटले.

तिला सांगायचं धाडस माझ्यात नाही, आणि येणारही नाही. तू ये. मला काय बोलायचं ते बोल, फक्त तिच्यासमोर नको.

आई येणाऱ्या प्रत्येक नर्सला अजून 'आमची शास्त्रज्ञ' म्हणून जिची ओळख करून देते, ती तुझी

धाकटी