गंगूच्या रश्श्याला काय झालं

४ जुलै, शुक्रवार

बहिरूनं आज रस्सा टाकला! अर्धी वाटी तशीच ठेवली आणि भाकरी कोरडीच चावत बसला. विचारलं, "काय रं, पोट बिघडलंय का?" तर म्हणतो, "न्हाई, जरा भूकच कमी हाय." बहिरूला भूक कमी! जो माणूस लग्नाच्या पंगतीत वाढप्यांना रडवतो, त्याला!

वळणावर त्याचं चहा-भज्यांचं दुकान होतं. जागा विकली. आता तिथं कुणाचा तरी व्हिला उभा आहे आणि फाटकावर 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी. तेव्हापासून दुपारचं जेवण आमच्या खानावळीतच. कधी ताटात शीत ठेवलं नाही त्यानं.

गंगू आत चुलीपाशी होती. तिनं पाहिलं नाही, बरं झालं. ताट मीच उचललं आणि रस्सा मोरीत ओतला.

५ जुलै, शनिवार

सकाळी वाटी आली. रोजच्यासारखी.

लग्न होऊन आली तेव्हापासूनची हिची रीत. रांधणारीनं चाखायचं नाही, उष्टं होतं — तिच्या आईची शिकवण. मग चाखायचं कुणी? मी! पातेलं उतरलं की पहिली वाटी माझ्यापुढे, आणि ही बया पदराला हात पुसत समोर उभी. माझ्या तोंडाकडे टक लावून.

मी काय गप्प खाणारा! "मीठ मारलंस की!" "जीव घेतीस का तिखटानं?" "ह्यो रस्सा हाय का गढूळ पाणी?" ती फणकाऱ्यानं आत जायची, आदळआपट करायची आणि रस्सा नीट करून आणायची. आख्खा संसार त्या वाटीवरून भांडलो आम्ही. चांगलं झालंय असं कधी तोंडानं म्हटलं नाही. चांगलं असलं की रिकामी वाटी पुढे करायची, तेवढंच. ती समजायची.

फेब्रुवारीत तिला ताप आला. आठ-पंधरा दिवस अंथरुणातून उठली नाही. लेक मोनिका भूगावहून येऊन राहिली. पोरगी शाळेत बाई आहे, जाताना मलाही शिकवून गेली. "बाबा, आईला आता टाकून बोलत जाऊ नका. जरा चांगलं म्हणावं माणसानं. तुमचं काय जातंय?"

लागलं मला ते. रात्रंदिवस त्या बाईनं चुलीपुढे काढले आणि मी नुसता खेकसलो. म्हणून ती बरी होऊन पुन्हा चुलीपाशी बसली, पहिली वाटी आली, तेव्हा म्हटलं — झ्याक! गंगू माझ्याकडे बघतच राहिली. "काय म्हनला?" म्हटलं, "झ्याक झालंय गं." अशी हसली! नवी नवरी असतानासुद्धा अशी हसली नव्हती. तेव्हापासून रोज झ्याक.

आज खारट होतं. झ्याक म्हटलं.

१३ जुलै, रविवार

गर्दी. सगळं पुणं ताम्हिणीला निघालंय. आमच्यापुढे गाड्या थांबतात, त्या निम्म्या समोरच्या नव्या कॅफेसाठी.

दोन पोरी आल्या. "काका, केजन फ्राईज मिळतील?"

मी म्हटलं, "कोन जन?"

त्या खी खी करायला लागल्या. कोपऱ्यात ऋषिकेश बसला होता, तोही हसला. हा मूळचा अकोल्याचा, हिंजवडीला नोकरी, भूगावात फ्लॅट. मागच्या पावसाळ्यापासून दर रविवारी येतो. आधी कंपनीनं त्याला अमेरिकेत लुईझियाना नावाच्या मुलखात धाडलं होतं. त्यानं समजावून सांगितलं — केजन म्हणजे तिथले लोक. दलदलीच्या कडेची गावं, भाताची खाचरं, त्यात झिंग्यासारखे जीव धरायचे. रस्त्याकडेला लहान लहान खाण्याची ठिकाणं. एका पेट्रोलपंपाच्या मागं एक म्हातारी रांधायची, हा तिच्याकडे जेवायचा. तेलात पीठ घालून चॉकलेटी होईस्तोवर भाजायची, भाजताना कुणाशी बोलायची नाही, आणि मग त्यात खेकडे. वर भात. "हे फ्राईजवर लाल तिखट मारतात, ते केजन नव्हे काका. ते नुसतं नाव."

गंगू आतून ऐकत होती. म्हणाली, "म्हंजी आळनच की! पीठ भाजून रश्श्याला लावायचं, आमी दुसरं काय करतोय?"

मागच्या वर्षी हाच पोरगा आमच्या खेकड्याचा रस्सा ओरपून डोळे पुसत म्हणाला होता, "काकू, त्या म्हातारीनंतर आज जेवलो." गंगूनं किती दिवस ते घोळवलं होतं! येईल त्याला सांगायची — "आमचं कालवण अमेरिकेत बी हाय!"

आज त्यानं भात खाल्ला, रस्सा कडेला सारला. निघताना माझ्याजवळ थांबला. "काका, काकूंची तब्येत बरी आहे ना?" त्यालाही कळलंय.

१४ जुलै, सोमवार

अळणी. झ्याक म्हटलं.

१९ जुलै, शनिवार

आता मी चोरून मीठ टाकतो. ती मागं भांडी घासायला गेली की पातेल्यात चिमूट टाकायची. खारट असेल त्या दिवशी गरम पाणी. पण मी काय स्वयंपाकी! मीठ जमलं की मसाला कच्चा, पाणी ओतलं की आळण फुटतं. काल गिऱ्हाईक म्हणालं, "मामा, ह्याला खेकड्याचा वास लागलाय फक्त." हसलो. हसू नाही तर काय करू!

बाहेर बसलो होतो तेव्हा जुनं सगळं आठवत राहिलं. पिरंगुटच्या कंपनीला टाळं लागलं, मी घरी बसलो, तेव्हा गंगूच म्हणाली होती, "मला रांधता येतं, तुमाला बोलता येतं. खानावळ घालू." वर चार पत्रे, दोन बाकं. पाटी लावली नाही, लावायची ऐपत नव्हती. लोकच म्हणायला लागले — गंगूबाईचं.

पहिल्यांदा फक्त ट्रकवाले थांबायचे. त्यांना जात विचारायला वेळ नसतो. गावातले काही आमच्याकडे पाणी प्यायचे नाहीत. पण पावसाळा लागला आणि खाचरातले खेकडे गंगूच्या हातात पडले! बारीक नांग्या पाट्यावर वाटून तिनं रस गाळला, कांदा-खोबरं काळं होईस्तोवर भाजलं, वर भाजल्या तांदळाचं आळण. वास पार वरच्या आळीपर्यंत गेला. तीच माणसं अंधार पडल्यावर मागच्या दाराला डबा घेऊन आली. "पोरं हटून बसली वो." गंगूनं काय करावं? म्हणाली, "डबा पुढच्या दारानं घिऊन या. मागं चूल हाय, गिऱ्हाईक न्हाई." आणि आली! वर्षा-दोन वर्षांत त्याच बाकांवर बसून खायला लागली. माझा बाप जातीपातीविरुद्ध भाषणं करत फिरला, त्याला जे जमलं नाही ते हिनं रश्श्यानं केलं. हे तिला मी कधी सांगितलं नाही. कसं सांगू, तेव्हा मी 'तिखट जास्त झालंय' म्हणण्यात गुंतलो होतो.

तेव्हा या रस्त्याला दर वळणावर कुणीतरी रांधणारं होतं. आता मैलोगणती पाट्या — 'चुलीवरचं', 'गावरान', 'आजीच्या हातचं'. आत बघावं तर गॅस आणि बिहारी पोरगा. तोही बिचारा आईच्या आठवणीनं रडवेला. जुन्यातलं आमचं तेवढं उरलंय. आणि तेही असं!

२७ जुलै, रविवार

ऋषिकेश आला नाही. लवळ्याच्या कॉलेजची पोरं आली, गाड्या लावल्या आणि सरळ समोर गेली. मागच्या साली हीच पोरं "मावशी, अजून रस्सा" करत होती.

दुपारी बहिरू आला. जेवला नाही, नुसता बसला. मग म्हणाला, "आनंदा, रागावू नगंस. वैनीचा हात गेला."

मी ताडकन उठलो. काय काय बोललो! "तुझी जागा गेली म्हणून आमच्यावर डोळा का? हितं बसून हितलंच उणं काढतोस?" तो शांतपणे चपला घालून गेला. इतक्या वर्षांचा दोस्त. खरं बोलला म्हणून हाकलला.

गंगू बाहेर आली. "काय झालं वो? बहिरूभावजी न जेवताच ग्येलं?"

म्हटलं, "त्याचं पोट बिघडलंय."

"परत? दवाखान्यात न्या की त्येला." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आजचा रस्सा बरा व्हता ना?"

झ्याक, म्हटलं.

कसं सांगू हिला? पायात वात आला तर माणूस काठी घेईल. पण हिचं तर नावच या जागेला आहे. हात गेला म्हटल्यावर गंगूबाईचं गंगूबाई काय उरणार?

२ ऑगस्ट, शनिवार

मोनिका आली. आल्या आल्या जेवायला बसली, एक घास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच गप्प बस म्हटलं. पोरगी शहाणी, सगळं संपवलं. वर पाणी तांब्यानं प्यायली.

मग बाहेर आल्यावर — "बाबा, हे कधीपासून?"

"तापानंतर."

"आणि तुम्ही?"

"मी झ्याक म्हणतो. तूच सांगितलंस."

तिचा चेहरा उतरला. म्हणाली, आता बंद करा. आमच्याकडे चला, खोली रिकामीच आहे. चांगलं नाव आहे तोवर थांबलेलं बरं, लोकांनी नावं ठेवण्याआधी. आत जाऊन आईलाही म्हणाली, नुसतं राहायला चला म्हणून. गंगू कसली ऐकते! "तितं काय करू? लिफ्टीतनं वर-खाली? ह्ये पावसाचे दोन-तीन म्हैनंच तर खेकडी मिळत्यात. आता जायाचं?"

मोनिकाचं चूक नाही. लोक मागं काय बोलतात ते गंगूच्या कानावर एक दिवस जाणारच. बाहेरच्या कुणाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा मीच काहीतरी कारण काढावं.

३ ऑगस्ट, रविवार

गुडघ्यांचं कारण सांगायचं. माझे गुडघे, माझा त्रास, माझ्यामुळे बंद. तिच्या हाताचं नावसुद्धा नाही काढायचं.

सांगणार होतो आज. पण ती आळणाला तांदूळ भाजत होती आणि कढईवर अशी वाकली होती की वाटलं, आज राहू दे. पूर्वी लांबूनच वासावर उतरवायची. आता रंग बघत बसते. म्हटलं, डोळेही गेले की काय तिचे!

४ ऑगस्ट, सोमवार

बहिरूच्या घरी गेलो. माफी मागता येत नाही मला. म्हटलं, जेवायला ये. म्हणाला, "येतो. पर रस्सा नगं." दोघंही हसलो. मग मला रडू आलं. तो तंबाखू मळत बसला, माझ्याकडे बघितलंच नाही त्यानं.

उद्या सांगतोच.

५ ऑगस्ट, मंगळवार

सांगितलं. "गंगे, गुडघे चालत न्हाईत. बंद करू."

ती खेकडे धूत होती. मान वर न करता म्हणाली, "गुडघं न्हाई तुमचं. मीच सांगनार व्हते. तापापासनं मला वास न्हाई लागत. चव बी न्हाई. समदं पानी."

"मग इतके दिवस रांधलंस कसं?"

"तुमचं त्वांड बघून. आजवर दुसरं काय बघितलंय? तुमी वरडला की कमी करायचं, गप बसला की ऱ्हाऊ द्यायचं. बरी होऊन चुलीपाशी बसले तर तुमी झ्याक म्हनला. दुसऱ्या दिशी बी झ्याक. मला वाटलं, नाक ग्येलं पर हात ऱ्हायला!"

मग मीही सगळं सांगितलं. मिठाचं, पाण्याचं, बहिरूचं. ती रडली, मग मला शिव्या दिल्या. लई दिल्या. म्हणाली, "आंधळीचा हात धरून तुमी भलतीकडंच न्हेलंत. आता पैल्यासारखं खरं बोला. कालचा कसा व्हता?"

"खारट," म्हटलं. "तोंडात धरवेना, गंगे."

"आन् परवाचा?"