थोरला तास, धाकटा तास

२४ ऑक्टो., शुक्र. जिंतूर.
पहाटे कानात पुन्हा तोच आवाज. हजेरीत मी 'दत्ता' म्हणायचो आणि दोन कोपऱ्यांतून एकदम 'हजर, गुरुजी!' पन्नास वर्षं झाली.
नात ईश्वरी घरात बसून परदेशातल्या एका दवाखान्याचे संगणक सांभाळते. हिवाळा आला की तिकडं घड्याळ तासभर मागं घेतात म्हणे. "एक ते दोन हा तास दोनदा येतो, आबा. दीडचा डोस देऊन झाला की परत दीड वाजणार. मशीन पुन्हा म्हणंल, द्या डोस."
घास तोंडातच राहिला.

२५, शनि.
ई.ला सगळं सांगितलं. आजवर कुणालाच नाही...
त्या वर्षी शाळेत हिवतापाच्या गोळ्या वाटायला दवाखान्याचा माणूस आला होता. नावं मी पुकारली. ओठांवर पुढच्या तासाची कविता. दत्ता म्हणालो, मेंढपाळाचं पोर आलं. पुन्हा दत्ता म्हणालो, तेच आलं. दुसरा त्या दिवशी आलाच नव्हता. गुरुजी बोलवायलेत म्हणून पोरानं दुसरीही गिळली. दुपारी डोळे फिरवले. बापानं खांद्यावर टाकून नेलं. मेंढरं पुढच्या रानात गेली. मी विचारायला गेलो नाही.
त्यानंतर हजेरीत लिहिलं, थोरला दत्ता, धाकटा दत्ता. धाकट्यापुढं, म्हणजे त्या मेंढपाळाच्या पोरापुढं, वर्षभर गैरहजर.
ई.नं संगणक पुढं ओढला. "आबा, तासांनाही तसंच नाव देऊ. कोणता दीड, ते मशीनला सांगावंच लागतंय."
थोरला मानवतला असतो. त्याला कार्ड टाकलं : धाकट्याचं काही कळलं का?

३०, गुरु.
ई.नं खोटे रुग्ण घालून चाचणी घेतली. तीन वेळा एकाच रुग्णाला डोस दोनदा पडला. पोरगी रडकुंडीला आली. मी शेजारी कागदावर थो., धा. खुणा करत बसलो. संध्याकाळी एकदाच पडला. "लागली बघा तुमची हजेरी!" पण खरी माणसं रविवारी, तिकडं घड्याळ मागं जाईल तेव्हा.
मानवतहून उत्तर नाही. एखादा तास परत मिळाला असता तर कवितेचाच मागितला असता, असं वाटायचं. आता त्याच्या आधीचा, गोळ्यांचा मागेन.

२ नोव्हें., रवि.
साडेअकरा. पडद्यावर दोन वाजायच्या ऐवजी पुन्हा एक. "थोरला गेला," ई. पुटपुटली. आपल्या बाराला तिकडं दुसऱ्यांदा दीड. तेव्हा कळेल.
बाराला पाच कमी, दार वाजलं. पांढऱ्या मिशा, खांद्यावर घोंगडी, हातात माझं कार्ड.
"वळखलं का, गुरुजी? मी दत्ता."
पाणी आणतो म्हणून आत आलोय. तांब्या भरून ठेवलाय, हे लिहितोय. कोणता, ते अजून विचारलं नाही.