‘फर्स्ट क्लास’ म्हण, स्टिकर घे

३ जून
मुलांच्या मानसिक आरोग्यावरची ऑनलाइन कार्यशाळा पूर्ण, सर्टिफिकेट क्लिनिकच्या भिंतीवर. मधली सत्रं म्यूटवर गेली, पण सार कळलं. जे. पी. नगरात बालरोगतज्ज्ञ ढीगभर. मनाकडे बघणारा मी पहिलाच असणार. संकल्प: मूल आत आलं की आधी ‘कसं वाटतंय?’, मगच स्टेथोस्कोप.

तसा माझा रिवाज आहेच. मी विचारतो, कसा आहेस? मूल ओरडतं, फर्स्ट क्लास! मग हातावर स्टिकर. बोलायला लागल्यापासून शिकवतो सगळ्यांना. म्हणजे हे काम मी वर्षानुवर्षं करतोच आहे.

१० जून
दिव्यश्री आली. तेरा वर्षांची, पहिल्या लसीपासून माझी पेशंट. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं. तपासलं, पोटात काही नाही. वजन मात्र घटलंय. लगेच ओळखलं, हे मनाचं! कसं वाटतंय, विचारलं. आई धनलक्ष्मी म्हणाल्या, काही नाही हो डॉक्टर, स्वल्प हट्टी झालीय. बरं, हट्टीपणा. मुलगी ‘फर्स्ट क्लास’ फार हळू म्हणाली. घसा बसला असेल. जंतांचं औषध दिलं.

२६ जून
पुन्हा दिव्यश्री. पुन्हा पोट. मुलीशी एकटीशी बोलायचं, हे कार्यशाळेत शिकलो होतो. पण आईंना बाहेर जा म्हणणं बरं दिसेना. शिवाय बाहेर लसीकरणाची गर्दी. निघताना मुलगी दाराशी रेंगाळली. हळूच म्हणाली, अंकल, एक सांगायचंय, अम्मासमोर नको. याला म्हणतात विश्वास कमावणं! शनिवारी ये, अर्धा तास फक्त तुझा, असं सांगितलं. सरी म्हणाली, म्हणजे ठीक. हसली बहुतेक.

२८ जून, शनिवार
व्हाइटफील्डच्या एका सोसायटीत भाषण, ऐनवेळी ठरलं. विषय: मुलांचं ऐका. नाही कसं म्हणणार? ट्रॅफिकने जीव खाल्ला, पण टाळ्या भरपूर. एका वडिलांनी विचारलं, मूल बोलतच नसेल तर? म्हटलं, मूल बोलतं हो, आपण हजर पाहिजे. वाक्य झकास जमलं. क्लिनिकच्या भिंतीवर लावायला हवं.

परतताना आठवलं, दिव्यश्रीला निरोप द्यायचा राहिला. क्लिनिकात फोन केला. एकटीच आली होती म्हणे, बाकावर बराच वेळ बसून गेली. मंगळवारी बघू. मुलं समजूतदार असतात.

३० जून
धनलक्ष्मींचा फोन. दिव्यश्रीने काल घरातल्या गोळ्या खाल्ल्या. जीव वाचलाय. फोनवर त्या मलाच विचारत होत्या, असं कसं झालं डॉक्टर?
कार्यशाळेचं सर्टिफिकेट भिंतीवरून काढलं. जागा रिकामी दिसते.

१ जुलै, मंगळवार
हॉस्पिटलात गेलो. वडील मालोजी हात जोडून म्हणाले, तुमच्याशीच बोलेल ती, लहानपणापासून तुम्हालाच ओळखते. मी न सांगता दोघं बाहेर गेले, दार ओढून घेतलं.

बाहेर कसली रांग नव्हती. मी घाबरलो होतो. येताना बरंच काही ठरवलं होतं, तोंडून निघालं तेच. कशी आहेस?

ती म्हणाली, फर्स्ट क्लास. सलाइन नसलेला हात पुढे केला.

खिशातला स्टिकर काढून तिच्या हातावर लावला.