तुमच्या नावानं गेलेला मेल

कुपवाड,
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

अंकिता मॅडम यांना धैर्यशीलचा नमस्कार.

साताऱ्यात थंडी पडली असेल. तुमच्या आईचा गुडघा आता बरा असेल. तुम्ही फोन घेत नाही, मेसेज वाचून तसाच ठेवता, म्हणून कारखान्यातनं सुटल्यावर हा कागद घेऊन बसलोय. फाडायचा असेल तर पुरता वाचून फाडा, एवढंच मागणं.

आधी कामाचं सांगतो. हळदीच्या पेठेतली आपली खोली रोज उघडतोय. खाली पोती हलली की अजून शिंका येतात. परवा लिमाच्या बाईंनी स्क्रीनवरनं विचारलं, तुमच्या गावात बारमाही सर्दी असते का. भिंतीवरचा वेळांचा तक्ता तसाच आहे, आपले संध्याकाळचे सहा, नैरोबीचे दुपारचे साडेतीन, लिमाचे सकाळचे साडेसात. पण तक्त्यावरच्या सगळ्या जणी आता येत नाहीत. एकशे चाळीसपैकी बावीस जणी सोडून गेल्या. येत्या रविवारी सहाला बैठक आहे, विषय एकच. बायकांचा इतिहास शोधणाऱ्यांचं हे जाळं सांगलीतनं पुढं चालवायचं, की मोडायचं.

रविवारी मला बोलायचंय. तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी इथं एकदा मांडून बघतो. जीभ तिथं अडखळायला नको.

तुमचाच नियम, की एका देशातली नोंद दुसऱ्या देशातल्या कुणीतरी तपासायची. आपल्या दोन नोंदी नैरोबीच्या वांजिरूबाईंकडं गेल्या. एक मनुबाईंची, पाटणकडच्या गावात एकोणीसशे अडतीसला मुलींची शाळा काढणाऱ्या. दुसरी अर्जुनाबाईंची, एक्कावन्नला सांगलीत हळद निवडणाऱ्या बायकांचं काम चार दिवस बंद पाडणाऱ्या. वांजिरूबाईंनी दोघींनी हातानं लिहिलेल्या अर्जांचे फोटो शेजारी ठेवून कळवलं, की ही बाई एकच दिसते. आपण मजकूर वाचत होतो. त्यांना आपली लिपी येत नाही, म्हणून त्या नुसतं वळण बघत बसल्या. दोन्हीकडं शेवटच्या अक्षराची शेपटी सारखीच वर उचललेली होती.

मग तो मेल गेला. महिनाभर मी असंच म्हणतोय, मेल गेला. मेल आपला आपण जात नाही. मी पाठवला.

तुमची तीन वर्षांची मेहनत कुणीतरी लांबनं पुसतंय असं वाटलं आणि डोकं फिरलं. जिला आमची लिपी येत नाही तिनं आमच्या बाया मोजायला येऊ नये, असं एकशे चाळीस जणींना लिहिलं. जाळ्याच्या पत्त्यावरनं. खाली तुमचं नाव घालून. माझ्या नावाला कोण विचारतंय? दुसऱ्या वर्षाला सरांच्या टेबलावर वही आपटून कॉलेज सोडलेला, लेथवर काम करणारा पोरगा मी.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्यांना एका ओळीत कळवलं, चूक माझी, मी पद सोडते. मला एक शब्द बोलला नाहीत. खोलीची किल्ली तेवढी माझ्यासाठी ठेवून साताऱ्याची गाडी धरलीत. शिव्या दिल्या असत्या तर मी भांडलो असतो. त्या किल्लीशी कसं भांडायचं?

तीन रविवारांमागं गाडी काढली आणि पाटणच्या पुढं त्या गावाला गेलो. खोटं कशाला सांगू, वांजिरूबाईंना खोटं पाडायलाच गेलो होतो. मनुबाईंच्या धाकट्या भावाची लेक तिथं आहे, रंगुबाई, ऐंशीच्या पुढच्या. अंगणात घेवडा सोलत होत्या. मनुबाईंचं पुढं काय झालं विचारलं.

"आत्ती व्हय? सांगलीला दिली तिला. हळदीच्या पेठंत लय भांडली म्हणं."

म्हटलं, भांडल्या त्या अर्जुनाबाई.

"तीच की. हितं मनुबाई, लग्नात नाव बदलून अर्जुना केली. नाव बदलल्यावर बाई बदलती व्हय रं?"

त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या आणि माझ्याकडं बघितलं.

"तुझ्या आज्जीचं माहेरचं नाव काय?"

मला सांगता आलं नाही, मॅडम. बावीस वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. रंगुबाई खो खो हसल्या. म्हणाल्या, आन हे निघालंय जगाच्या बाया हुडकायला. मग घेवड्याची भाजी-भाकरी खायला घातली, ती वेगळीच.

आमच्या आप्पांना फोन करून त्यांच्या आईचं माहेरचं नाव विचारलं, तर म्हणाले, ऊसतोड आलीय दारात, डोकं खाऊ नको. संध्याकाळी त्यांचाच फोन आला. त्यांनाही माहीत नव्हतं, आणि आवाज नेहमीचा नव्हता. आजीच्या माहेरचं आता कुणीच उरलं नाही. ते नाव गेलंच.

नैरोबीत बसून जे दिसलं ते मला घरात राहून दिसलं नाही. लग्नात नाव बदलतात हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे आपल्याकडं. मी मात्र एका बाईच्या दोन नोंदी केल्या आणि वर तिच्यासाठी भांडलो.

वांजिरूबाईंना मी माफीचं पत्र लिहिलं, यावेळी स्वतःच्या नावानं. उत्तर आलं, माफी मला एकटीला नको, ज्यांच्यादेखत बोललास त्यांच्यादेखत माग. बरोबर आहे. रविवारी मागणार आहे. मेल माझा होता, अंकिता मॅडमना तो गेल्यावरच कळला, असं सांगणार. तुम्ही मला झाकायचं नाही. मधे बोललात तरी मी थांबणार नाही.

सातारा-सांगलीच्या सदुसष्ट नोंदी पुन्हा काढल्यात. प्रत्येक बाईचं माहेर गाठायचं, आधीचं नाव विचारायचं. साप्ताहिक सुट्टीला दोन गावं होतात. पाच झालीत.

आता शेवटचं. कुपवाडची पोरं, लिमाच्या बाई, खालचा हमाल, सगळे तुम्हाला ताई म्हणतात. मी पहिल्या दिवसापासून मॅडम म्हणतो. का, ते तुम्ही केव्हाच ओळखलं असणार, कधी बोलला नाहीत. त्याचं उत्तर मी मागत नाही. पण तो मेल त्याच तोऱ्यात गेला, तुमच्यासाठी कुणाशीही भिडतो हे तुम्हाला दिसावं म्हणून, एवढं कबूल केल्याशिवाय बाकीची कबुली अर्धीच राहील.

तुम्ही रविवारी या, साताऱ्यातनं स्क्रीनवर या. जाळं मोडू देऊ नका. ते तुमच्याशिवाय चालणार नाही, माझ्याशिवाय चालेल. बैठक संपली की किल्ली खालच्या दुकानात ठेवून मी निघेन. परत बोलवायचं का ते तुम्ही ठरवा. न बोलावलं तरी गावं मी फिरणारच, गावं काही तुमच्या मालकीची नाहीत.

तुमचं नाव पुढं करून भांडलेला, आणि आता ते तुमचं तुम्हाला परत करणारा,
धैर्यशील