सत्कारात मिळालेला हंस

कात्रज, रविवार

आदरणीय रामदासराव यांस,

बद्रीनाथचा सप्रेम नमस्कार. वाघोलीकडची हवा अजून श्वास घेण्याजोगी असेल आणि तुमची कंबर वाकून सरळ होत असेल, अशी आशा आहे. हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवता आला असता, पण तिथे तुम्ही काहीही न वाचता अंगठा दाखवता (माझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनलाही दाखवला होतात), म्हणून पत्र. आमची दोघांची प्रकृती उत्तम आहे. फक्त इंदू माझ्याशी बोलत नाही. गणपती उठल्यापासून एक अक्षर नाही. चहा मिळतो, पण कप टेबलावर ठेवल्याचा आवाज होतो तेवढाच संवाद. तुम्ही तिच्या सख्ख्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, यजमान, तेव्हा हकिगत तुमच्या कानावर घालणे भाग आहे.

आमच्या घरामागचा तलाव तुम्हाला ठाऊक आहे (तुम्ही त्याला डबके म्हणाला होतात, मी विसरलेलो नाही). दोन वर्षांपूर्वी दिग्विजय नावाच्या ठेकेदाराने तिथे बोटिंग सुरू केले. मोटरबोटी, आणि पायाने चालवायचे हंस. हंस फायबरचे, माना ताठ, डोळ्यांत काजळ. लोक खूश झाले. मी आणि आमच्या इमारतीतले युसूफभाई (घड्याळांचे दुकान मुलाच्या हवाली करून निवृत्त झालेले) रोज सकाळी तिथे फिरायला जातो, त्यामुळे या खुशीचे परिणाम आम्हाला ताजे ताजे दिसत. पाण्यावर पेट्रोलचा रंगीत तवंग, काठाला वेफर्सची पाकिटे. टिबुकली म्हणून एक एवढासा पाणपक्षी आहे, तो बिचारा तरंगते घरटे बांधतो. मोटरबोट जोरात वळली की लाट येते आणि अंड्यांसकट संसार पाण्यात. शिवाय मोटरीचे पाते जलपर्णीचे तुकडे करते, आणि जलपर्णीचा स्वभाव सोसायटीतल्या भांडणासारखा. तुकडा पडेल तिथे नवीन सुरू. एकदा युसूफभाईंनी बुडालेले घरटे काठीने ओढून घेतले. आत काही उरले नव्हते. मला त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

मी महापालिकेला अर्ज लिहिला. माझ्या अर्जांची भाषा तुम्हाला परिचित आहे (तुमच्या मुलाच्या लग्नातल्या मठ्ठ्याबद्दलही मी लिहिले होते). 'मोटरबोटी बंद कराव्यात' एवढेच लिहा, असे युसूफभाईंचे म्हणणे. मला ते वाक्य फार तोकडे वाटले. मी 'सर्व प्रकारच्या नौका' असे लिहिले. तेवढ्यात इंदूने स्वयंपाकघरातून विचारले, "हंसांनी काय घोडं मारलंय? ते काय पेट्रोल पितात?" शास्त्रीयदृष्ट्या प्रश्न अचूक होता. पण तोवर झेरॉक्स निघाल्या होत्या, आणि झेरॉक्स निघालेले मत पुण्यात बदलता येत नाही. अर्जाची दखल घेतली गेली (धक्का मलाही बसला). गणपती उठले, पाठोपाठ बोटी उठल्या, सरसकट. त्या संध्याकाळपासून अबोला.

दिग्विजय भांडायला येईल म्हणून मी तयारीत होतो. तो सत्काराचे निमंत्रण घेऊन आला. भांडणाला नाही म्हणता येते हो, सत्काराला कोण म्हणतो? शाल झाली, नारळ झाला, फोटो झाले. मग तो माईकवर म्हणाला, "काकांच्या कार्याला शोभेल असंच स्मृतिचिन्ह देतोय. नाही म्हणायचं नाही हं, काका!" टाळ्यांच्या गजरात मी मान हलवली. स्मृतिचिन्ह दुसऱ्या दिवशी टेम्पोतून आले. हंस. अख्खा. दोन आसनी. फायबर भंगारवालाही घेत नाही, हे त्या पोराला पक्के ठाऊक होते.

तेव्हापासून हंस पार्किंगमध्ये आहे. निम्मा माझ्या जागेत, निम्मा शेजाऱ्यांच्या. सोसायटीने फळ्यावर 'पार्किंगमध्ये पक्षी लावू नयेत' अशी सूचना लिहिली आहे. इंदू भाजीला जाताना त्याच्या मानेवरची धूळ पदराने पुसते आणि माझ्याकडे न बघता पुढे जाते. खरे सांगतो, सूचनेचे मला काही वाटत नाही. मी स्वतः अशा पुष्कळ लिहिल्या आहेत. पण घर फार शांत झाले आहे, आणि ते मला सहन होत नाही. टीव्ही मोठ्याने लावून पाहिला. उपयोग होत नाही.

असो. अक्कांना नमस्कार सांगावा.

तुमचा साडू,
बद्रीनाथ

ता. क. १ : तुमच्या शेततळ्याला उन्हाळ्यापर्यंत पाणी असते, असे तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असता. हंस तिथे ठेवून घ्यावा, ही विनंती. मोटर नाही, घरटी नाहीत. पर्यावरणाची हानी शून्य. तसे लेखी देतो.

ता. क. २ : होकार गृहीत धरला आहे. टेम्पो खाली उभा आहे आणि हे पत्र ड्रायव्हरच्याच हाती देत आहे, म्हणजे वाचता वाचता मान वर केलीत तर हंस दिसेल. मी त्याला खराट्याने घासून धुतले आहे, तरी पाण्यात सोडण्याआधी पोटाखाली बघावे. जलपर्णीचा नखाएवढा तुकडा जरी निघाला तरी उन्हात वाळवून जाळावा. नाहीतर वर्षभरात तुमच्या तळ्यावर गुरे चरतील.

ता. क. ३ : पुढच्या रविवारी इंदूला अक्कांच्या भेटीच्या निमित्ताने घेऊन येतो. तिने जन्मात बोटीत पाय ठेवलेला नाही. मनात फार होते तिच्या, आणि मी 'सर्व प्रकारच्या नौका' लिहीत बसलो. तिला आधी काही कळू देऊ नये.

ता. क. ४ : दोर बांधत असताना इंदू खाली आली, पत्र माझ्या हातातून घेतले आणि टेम्पोला टेकून सगळे वाचले. मग बोलली. "डावं पायडल जड आहे, तिथे मी बसेन. तुम्ही नुसते बसा." तिचा आवाज ऐकून इतका आनंद झाला की डावे पायडल जड असल्याचे तिला कसे कळले, हे विचारायचे राहून गेले. आता धीर होत नाही. तुम्ही जरा अक्कांना विचारून बघा. वर्षभर दर गुरुवारी त्या वाघोलीहून दोन बस बदलून आमच्याकडे यायच्या आणि दोघी दत्ताच्या देवळात जायच्या. प्रसाद आणल्याचे मला एकदाही आठवत नाही.