कमी वीज खाणारा कॉम्प्युटर

१४ सप्टेंबर, रविवार

प्रिय पिंट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. बाबांचा गुडघा आहे तसाच आहे. घरातल्या सगळ्या फाइली ठेवायला तू निवडलेला छोटा कॉम्प्युटर काल एकदाचा आला. जेवणाच्या डब्याएवढा आहे. स्वस्त आहे, वीज जेमतेम खातो, पंख्याची घरघर नाही. निवड चांगली आहे हे आधीच सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल.

पण मला तुझा वीट आलाय. आईच्या आवाजाची डिस्क टकटक करतेय, कधीही बंद पडेल, हे मी तुला उन्हाळ्यातच कळवलं होतं. तू उलट विचारलंस, नवा कॉम्प्युटर चोवीस तास चालू ठेवला तर बिल किती येईल? दुकानात एक जुना मिळत होता, तर म्हणालास, "थांब, तो वीज फार खातो." दुसरा सांगितला, तर "थांब, त्यात दोन डिस्क बसत नाहीत." मग "थांब, नवीन मॉडेल येतंय." निदान माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेऊ का विचारलं, तर "थांब ताई, एकदाच काय ते नीट करू." वर रंगीत तक्ते पाठवलेस. घरातला कॉम्प्युटरवाला तू, म्हणून मी ऐकत गेले. आता तुझा मेसेज दिसला तरी शिसारी येते. तिथे बसून थांब म्हणायला तुझं काय जातंय!

आई गेल्यापासून बाबा त्या डिस्कवरचं काय ऐकायचे, ते तू कधी विचारलं नाहीस. आई अंध मुलांच्या शाळेसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची ना, त्यातला भूगोलाचा धडा. वाऱ्यांचे प्रकार सांगता सांगता ती मध्येच ओरडते, "अहो, गॅस बंद करा!" त्यावर बाबा खुर्चीतून म्हणायचे, "केला गं, केला." रोज. मग उठून खरंच बघून यायचे.

शाळेकडची प्रत मी मागवून ऐकली. त्यात धडा पूर्ण आहे, ते वाक्य तेवढं कापलंय. बरोबरच आहे, मुलांना आमच्या गॅसशी काय करायचंय?

प्रत का मागवावी लागली, हे तुला कळलं असेलच. डिस्क गेली. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. त्या उन्हाळ्यात कुठलंही डबडं चाललं असतं रे, कुठलंही.

बाबांना मी खोटं सांगितलंय, की नवीन कॉम्प्युटर आला की आईचा धडा लावते. आज सकाळपासून ते त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसलेत. मी टाळतेय म्हणून चिडले शेवटी. म्हणाले, "तुला जमत नसेल तर पिंट्याला विचार. त्याला येतं सगळं."

मी त्यांना सांगणार नाही. फोनवरून तूही सांगायचं नाहीस. इथे ये, त्यांच्यासमोर बस आणि स्वतःच्या तोंडाने सांग. तोवर माझ्याशी बोलू नकोस.

'तुझी' लिहायला आज हात धजत नाही.

ताई