ढवळीचं दावं

तीर्थरूप आबांस,

इथे साष्टांग नमस्कार लिहायची पद्धत आहे. तो मी लिहिणार नाही. तुमच्या सुनेनं तुमच्यापुढे आयुष्यभर पुरेसं वाकून झालंय, आता थोडं ताठ बसून लिहिते.

काल तुमचा तेरावा झाला. गोडाचं जेवण झालं, मंडळी ओसरीवर सैलावली आणि तुमचे धाकटे बंधू, आपले भाऊकाका, पोटावर हात फिरवत म्हणाले, "आबाची ती ढवळीची गोष्ट ठावं हाय का? सूनबाईला पान लागलं ती?" लागली की सगळी हसायला! तुमचा फोटो भिंतीवर, हार अजून ताजा, आणि खाली मी गायमारी. तुमच्या तेराव्यालाही मला सुट्टी नाही. म्हणून लिहायला बसले.

गोष्ट तुम्हाला पाठ आहे. तुम्हीच तर ती गावभर केलीत. औरंगपुऱ्यातल्या पानवाल्याची पोरगी, शहरातून आलेली, हिला साधी भाषा येत नाही. गाय ज्वारी खाऊन पडली आणि ही बोंबलत आली, "पान लागलं!" आम्ही समजलो साप चावला. विष उतरवायला झाडणाऱ्याला बोलावलं, तोवर गाय गेली. हसा आता.

मला हसू येत नाही आबा. तेव्हाही आलं नव्हतं.

माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पावसानं ओढ दिली होती आणि घरामागची ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपत उभी होती. सासूबाई मला दोनच दिवस आधी म्हणाल्या होत्या, "असल्या ज्वारीत जनावर जाऊ द्यायचं नाय बाई. पोटात गेली की लागतं." लागतं! मी तो शब्द पक्का धरला. आमच्या दुकानात कुणी कच्ची सुपारी खाल्ली, घाम फुटून गरगरायला लागलं, की माझे वडील म्हणायचे, "सुपारी लागली याला, पाणी द्या." सुपारी लागते, तंबाखू लागतो, मग ज्वारीचं पान का लागू नये? मला काय माहीत, तुमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, आणि साप चावला की त्याला पान लागलं म्हणतात! कुणी सांगितलं होतं मला?

ढवळी बांधावर झोकांड्या खाताना दिसली. तोंडाला फेस, श्वास भात्यासारखा चाललेला. मी अनवाणी पळाले. तुम्ही भाऊकाकांच्या विहिरीवर होतात.

"आबा, ढवळीला पान लागलं!"

"आँ? कुठं?"

"तोंडाला!"

माझ्या मनात तिच्या तोंडाला चिकटलेली हिरवी पाती होती. तुमच्या मनात चरताना नाकाडावर चावलेला साप. आपण दोघं एकाच गाईकडे पळत होतो आणि दोन वेगळ्या गाई बघत होतो. इथपर्यंत माझी चूक असेल तर आहे. घ्या, पदरात घेते. पण तिथे पोचल्यावर? तुम्हाला डोळे नव्हते? शेतकऱ्याचं पोर तुम्ही! खालची ज्वारी कुरतडलेली दिसत होती. तिच्या दातांत पाती अडकली होती. मी हात लावून दाखवत होते, "हे बघा, हे खाल्लंय तिनं." तुम्ही म्हणालात, "तू व्हय बाजूला!"

मी बाजूला झाले. भाऊकाका सायकलवर झाडणाऱ्याला आणायला गेले. जनावरांचा दवाखाना शाळेच्या पलीकडे, त्याच्या घरापेक्षा जवळ. झाडणारा आला, कडुलिंबाच्या डहाळीनं गाईच्या अंगावरून झाडत बसला, आणि ढवळी पाय झाडत झाडत निपचित पडली. तिचं वासरू गोठ्यात ओरडत होतं.

मग कुणीतरी निरोप दिला म्हणून डॉक्टर आले. त्यांनी तिचा जबडा उघडला आणि लगेच म्हणाले, "आबा, साप नाही हा. किराळ लागलीय, ज्वारीचं विष. लगेच बोलावलं असतं तर सुई होती माझ्याकडं."

सगळे तुमच्याकडे बघायला लागले. आणि तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत.

"हिनं साप सांगितला. आणि गाय दावं तोडून शिरली, त्याला कोण काय करणार?"

साप हा शब्द मी तोंडातून काढला नव्हता. पण तो राग तरी शब्दाचा आहे. खरा राग पुढच्या वाक्याचा आहे. दावं तोडून!

आबा, दावं तुटलं नव्हतं. सकाळी मी तुमचा चहा घेऊन मागे आले तेव्हा तुम्ही बांधावरच्या बाभळीला ढवळीला बांधत होतात. लांब दावं दिलंत तिला, ज्वारीत पोचेल एवढं. कडबा संपत आला होता, दोन घास हिरवे मिळतील म्हणून. मला सासूबाईंचं बोलणं आठवलं, पण म्हटलं, ह्यांना कळत नाही का? हे बघतील. तुम्ही चहा प्यालात, मला कप दिलात आणि विहिरीकडे गेलात. आणि डॉक्टरांना निरोप गेला होता त्या मधल्या वेळात तुम्ही बाभळीचं दावं सोडलंत, गुंडाळलंत आणि गोठ्यात नेऊन खुंटीला टांगलंत. मी बघत होते. तुम्ही मला बघितलंत. दुसऱ्या दिवशी त्याच दाव्यानं वासरू बांधलं! तुटलेलं दावं, गाठ नाही, जोड नाही, अख्खंच्या अख्खं.

मी सासूबाईंना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. थापणं थांबवलं नाही. म्हणाल्या, "म्या काय आंधळी हाय? पर गप बस. मोठ्या माणसाचं तोंड उघडं पाडत नसत्यात."

मोठ्या माणसाचं तोंड झाकायला माझं तोंड शिवलंत तुम्ही लोकांनी! त्या दिवसापासून या घरात माझ्या कुठल्याही बोलण्याला एकट्यानं चालायची परवानगी नव्हती. दूध नासलंय म्हटलं तरी तुम्ही आत ओरडून सासूबाईंना विचारायचात, "खरं का गं?" माझा सुनील लहान असताना कान धरून रडत होता, मी म्हटलं त्याच्या कानात काहीतरी गेलंय, वैजापूरला दवाखान्यात न्यायला हवं. तुम्ही हसून म्हणालात, "का, कानाला पान लागलं व्हय?" ओसरी हसली. लेकरू संध्याकाळपर्यंत तडफडलं. शेवटी वैजापूरच्या डॉक्टरांनी त्याच्या कानातून ज्वारीचा दाणा काढला.  तुम्ही मग सुनीलला खांद्यावर घेऊन हिंडलात, जसं काही तुम्हीच त्याला वाचवलं.

तुम्हाला लाज नव्हती असं मी म्हणणार नाही. होती. पुढच्या वर्षीपासून पावसानं ओढ दिली की तुम्ही पहाटेच उठून सगळी जनावरं ज्वारीपासून लांब, पार ओढ्याकडे नेऊन बांधायचात. गड्यांना बजावायचात, सालकऱ्यांना बजावायचात, शेजाऱ्यालासुद्धा. "किराळ लई वाईट, कडंलाबी बांधू नका." गावाला शहाणं केलंत तुम्ही! फक्त घरातल्या एका बाईला एवढंच सांगायचं राहिलं, की 'गाय मी बांधली होती.' किती जड होतं हो हे वाक्य?

शेवटचे तीन महिने तुम्ही शहरात, आमच्या मुकुंदवाडीच्या घरी होतात. मी तुमचं सगळं केलं. अंग पुसलं, मऊ भात भरवला, रेल्वेचा आवाज आला की तुम्ही दचकायचात म्हणून खिडकी लावून घेतली. एका दुपारी तुम्ही माझा हात धरलात. म्हणालात, "सूनबाई, ते पान..."

मी स्टूल ओढून बसले.  किती वर्षं त्या शब्दाची वाट बघत होते! म्हटलं, "बोला आबा. मी ऐकतेय."

तुम्ही डोळे मिटलेत. बऱ्याच वेळानं म्हणालात, "पान आणलंस का? चुना कमी सांग."

मी उठले आणि स्टेशनजवळच्या टपरीवरून पान आणून दिलं. चुना कमी. तुम्हाला खरंच पानच हवं होतं, की तोंडाशी आलेलं गिळलंत, हे मला आता कधीच कळणार नाही. तेवढंही शिल्लक ठेवलं नाहीत तुम्ही माझ्यासाठी! त्या दिवशी मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. रागानं रडले, दयेनं नाही.

आणि काल. हसणं ओसरत आलं होतं तेवढ्यात सुनीलची बायको प्राची, आपल्या घरात येऊन तिला चारच महिने झालेत, ताट उचलता उचलता म्हणाली, "पण काका, गाय ज्वारीत गेली कशी?"

"दावं तोडून."

"मग तुटलेलं दावं बघितलं कुणी?"

आबा, इतक्या वर्षांत हे कुणीही विचारलं नव्हतं! माझ्या नवऱ्यानंसुद्धा नाही.  भाऊकाका सुपारी शोधायला लागले. मी तोंड उघडलं, तर तुमचे चिरंजीव हळूच म्हणाले, "जाऊ दे. आज नको." तुमचा दिवस म्हणून मी पुन्हा गप्प बसले. पण प्राची माझ्याकडे बघत राहिली. ती हसली नाही.

तर आता ऐका. वर्षश्राद्धाला पुरणाचा स्वयंपाक मीच करीन. तुमच्या फोटोपुढे विडा ठेवीन, चुना कमी. भाऊकाकांना पोटभर वाढीन. मग ते ओसरीवर बसून ढवळीची गोष्ट सुरू करतील, तेव्हा मी पदराला हात पुसत बाहेर येईन आणि म्हणेन, थांबा काका, ती गोष्ट माझी आहे, मी सांगते. प्राचीला पुढे बसवीन. आणि पानापासून नाही, बाभळीच्या बुंध्यापासून सुरू करीन. हा माझा शब्द आहे. या वेळी तो कुणाला विचारून खरा करायचा नाही.

तुमची सून,
कुसुम

(सूनबाई नाही, पानवाली नाही. कुसुम.)